मोटारींची दीर्घकालीन विश्वासार्हता

मोटारींची दीर्घकालीन विश्वासार्हता म्हणजे अनेक वर्षांच्या वापरानंतरही मोटार अनपेक्षित बिघाडाविना चालत राहण्याची क्षमता. कंपन्यांची या निकषावर तुलना करताना काय मोजले, गाड्या किती जुन्या होत्या व त्या कोठे चालल्या, यांवर निष्कर्ष अवलंबून असतो.

मापनपद्धती

अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन दर १०० गाड्यांमागील तक्रारी मोजते. या मोजणीत इंजिनातील बिघाडाप्रमाणेच पडद्यावरील प्रणालीच्या तक्रारीही धरल्या जातात. जर्मनीतील टीयूव्ही अहवाल अनिवार्य तपासणीत आढळलेल्या दोषांवर आधारलेला असून त्यात गाड्यांचे वयोगट वेगळे ठेवले जातात. भारतात खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व योग्यता तपासणी नूतनीकरणाच्या वेळी होते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील दोषांची अशी नोंद त्या तपासणीतून मिळत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेले भारत एनकॅप मूल्यांकन अपघातातील सुरक्षिततेचे असते, विश्वासार्हतेचे नव्हे.

हवामानाचा परिणाम

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला साधारणतः ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेतील क्षार आणि दमटपणा यांमुळे पोलाद लवकर गंजते. गाडीचा तळ, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या व विद्युत जोडण्या यांना अधिक झळ पोहोचते. सांध्यांत साचलेला चिखल ओलावा धरून ठेवतो. घाटरस्त्यांवर ब्रेक व क्लचची झीज वाढते. त्यामुळे सोलापूरसारख्या कोरड्या प्रदेशात चाललेल्या त्याच मॉडेलच्या गाडीत वेगळे दोष आढळू शकतात. जस्ताचा लेप दिलेले पत्रे व तळाची नियमित धुलाई यांमुळे गंजण्याचा वेग कमी होतो.

तुलनेच्या मर्यादा

दीर्घायुष्य हा विश्वासार्हतेचा पुरावा नसतो. मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाल्या. साधी यंत्ररचना व सुलभ दुरुस्ती यांमुळेही गाडी दीर्घकाळ वापरात राहू शकते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, किंवा एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांत, मोठा फरक असू शकतो.

जुनी गाडी घेताना कंपनीच्या क्रमवारीइतकेच त्या गाडीच्या देखभालीच्या नोंदींना महत्त्व असते. एमएच-०८ ही रत्नागिरीची नोंदणी मालिका गाडी कोठे नोंदवली गेली हे दर्शवते. ती कोठे चालली हे तिच्यावरून कळत नाही. किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा तळ उचलून तपासल्यास रंगाखाली दडलेला गंज लक्षात येतो.