आभासी क्रीडाविश्वावरील ॲनिमे : प्रेक्षक-प्रतिसाद

ज्या जपानी ॲनिमेशन मालिकांचे (ॲनिमे) कथानक मुख्यतः एखाद्या संगणकीय खेळाच्या आतील जगात घडते, त्या मालिकांना प्रेक्षकांनी दिलेली दाद, त्यांवर घेतलेले आक्षेप आणि या दोहोंचा पुढील निर्मितीवर झालेला परिणाम यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या मालिकांचा प्रेक्षक बहुधा स्वतःही खेळाडू असतो. त्यामुळे तो पात्रांच्या सुखदुःखात रमतो आणि त्याच वेळी त्या जगाचे नियम पाळले जातात की नाही हेही तपासत राहतो. रसिक आणि पंच अशा या दुहेरी भूमिकेतूनच या कथाप्रकारावरील बहुतेक वाद उद्भवले आहेत.

स्वरूप व संज्ञा : या मालिकांतील खेळ सामान्यतः बहुखेळाडू ऑनलाइन भूमिकाखेळ असतो, म्हणजे हजारो लोक इंटरनेटद्वारे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, प्रत्येक जण एक पात्र धारण करतो आणि लढाई, व्यापार, कारागिरी अशा मार्गांनी त्या पात्राची पातळी, म्हणजे लेव्हल, वाढवत नेतो. पात्राची शिल्लक जीवनशक्ती एचपी या आकड्याने दाखवली जाते. खेळाडूंच्या संघटित गटास गिल्ड म्हणतात. संगणकच चालवीत असलेल्या पात्रास एनपीसी म्हणतात आणि खेळातून बाहेर पडण्याच्या क्रियेस लॉगआउट. खेळात हरल्यास खेळाडू खरोखरच मरतो, अशी अट असलेल्या कथेला ‘डेथ गेम’ हे नाव रूढ आहे. नायक आपल्या जगातून सर्वस्वी परक्या जगात जाऊन पडतो अशा कथांना जपानीत ‘इसेकाई’ म्हणतात आणि क्रीडाविश्वावरील मालिकांची चर्चा पुष्कळदा त्या व्यापक वर्गातच केली जाते.

पूर्वपीठिका : या प्रकारातील आरंभीची महत्त्वाची मालिका म्हणजे २००२ मध्ये प्रसारित झालेली, बी ट्रेन या संस्थेची ‘डॉट हॅक साइन’. ‘द वर्ल्ड’ नावाच्या खेळातून लॉगआउट न होऊ शकणारा त्सुकासा हा तिचा केंद्रबिंदू असून तिच्या २६ भागांत लढाया थोड्या आणि संभाषणे फार आहेत. त्यामुळे तिचा प्रेक्षकवर्ग प्रारंभीच दुभंगला : ज्यांना खेळाचा थरार हवा होता त्यांना ती कंटाळवाणी वाटली, तर पडद्यामागच्या एकाकी माणसांचे चित्रण शोधणाऱ्यांनी तिच्या संथ गतीचे आणि युकी काजिउरा यांच्या संगीताचे मनापासून कौतुक केले. खेळाचे जग हे साहसाचे मैदान मानावे की माणसाच्या एकटेपणाचे रूप, हा मतभेद पुढील दोन दशकांच्या चर्चेतही कायम राहिला.

सोर्ड आर्ट ऑनलाइन : हा कथाप्रकार जगभर पोहोचवण्याचे श्रेय रेकी कावाहारा यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या मालिकेकडे जाते. २००२ च्या एका साहित्यस्पर्धेसाठी लिहिलेली ही कथा पृष्ठमर्यादा ओलांडून गेल्याने कावाहारा यांनी ती इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध केली. त्यांच्या दुसऱ्या कथेला देंगेकी कादंबरी पुरस्कार मिळाल्यानंतर २००९ मध्ये ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ग्रंथरूपात आली आणि तोमोहिको इतो यांनी दिग्दर्शित केलेली, ए-वन पिक्चर्सची २५ भागांची मालिका जुलै ते डिसेंबर २०१२ या काळात प्रसारित झाली. कथेनुसार ६ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या खेळात १० हजार खेळाडू अडकतात. त्यांच्या डोक्यावरील ‘नर्व्हगियर’ हे उपकरण एचपी शून्य होताच मेंदू जाळून टाकील, असे खेळाचा निर्माता आकिहिको कायाबा जाहीर करतो, आणि आइनक्राड या तरंगत्या किल्ल्याचे १०० मजले सर केल्याखेरीज सुटकेचा मार्ग उरत नाही. पहिला मजला सर होण्यापूर्वीच, महिनाभरात, २ हजार जण मृत्युमुखी पडतात.

या पहिल्या प्रसंगाचा प्रेक्षकांवर झालेला परिणाम असाधारण होता. लॉगआउटची खूणच नाहीशी झाल्याचे पात्रांना कळते तो क्षण, पहिल्या भागातील सर्वांत परिणामकारक क्षण म्हणून, आजही चर्चेत येतो. नायक किरितो ज्या लहानशा गिल्डमध्ये सामील होतो, तिच्यातील साची ही भित्री मुलगी तिसऱ्याच भागात मरते आणि तिने आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला निरोप नाताळच्या रात्री त्याला मिळतो. या भागाने मालिकेला अनेक निष्ठावंत प्रेक्षक मिळवून दिले. किरितो आणि नायिका आसुना यांचा खेळातच झालेला विवाह, २२ व्या मजल्यावरील त्यांचे छोटे घर आणि संगणकीय आज्ञावलीतून जन्मलेल्या युईला त्यांनी लेक मानणे, या प्रसंगांवर रसिकांचा विशेष लोभ आहे, कारण आभासी जगातले नाते खरे असू शकते ही मालिकेची मध्यवर्ती श्रद्धा तेथे कोणत्याही भाषणाशिवाय व्यक्त होते.

आक्षेपांचे स्वरूप : मालिकेवरील टीकाही तितकीच तीव्र होती आणि तिच्यात तीन मुद्दे प्रमुख होते. पहिला मुद्दा कथाकालाचा : दोन वर्षांचा इतिहास १४ भागांत बसवताना कथा मधले कितीतरी मजले ओलांडून थेट ७४ व्या आणि ७५ व्या मजल्यांवर येते, त्यामुळे ज्या चढाईचे वचन आरंभी दिले होते ती चढाई प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही, अशी प्रेक्षकांची तक्रार होती. दुसरा मुद्दा नियमांचा : चौदाव्या भागात हालचाल बंद पडलेली आसुना अचानक उठून किरितोपुढे उभी राहते आणि एचपी शून्यावर गेलेला किरितो क्षणभर टिकून कायाबावर अखेरचा वार करतो. काहींच्या मते मानवी इच्छाशक्ती यंत्राच्या आज्ञेवर मात करते हाच कथेचा अर्थ येथे प्रकट होतो. आक्षेपकांच्या मते मात्र ज्या नियमामुळे आधीच्या प्रत्येक मृत्यूला वजन आले होते, तोच नियम नायकासाठी शिथिल केल्याने साचीसारख्या पात्रांच्या मरणाचा अर्थ पूर्वलक्षी रीतीने उणावतो. तिसरा मुद्दा स्त्रीपात्रांचा : पूर्वार्धात किरितोच्या बरोबरीने लढणारी आसुना उत्तरार्धात पिंजऱ्यात बंदिस्त होऊन सुटकेची वाट पाहत बसते आणि नव्या खलनायकाच्या अत्याचाराचा प्रसंग तिच्या वाट्याला येतो, याबद्दल अनेक प्रेक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली.

या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे. कल्पित जग कितीही अद्भुत असले तरी त्याने स्वतः घातलेली अट स्वतः पाळावी आणि तेथे राहणाऱ्या प्रत्येकाला, नायिकेसह, कर्तृत्वाचा समान वाव द्यावा, ही ती अपेक्षा होय. टीका करणाऱ्यांपैकी अनेकांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली होती, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांची नाराजी उदासीनतेतून नव्हे, तर भंगलेल्या अपेक्षेतून आली होती.

मृत्यूची अट नसलेल्या मालिका : खेळातला मृत्यू खरा नसेल तर प्रेक्षक कशात गुंततो, या प्रश्नाचे एक उत्तर २०१३ मध्ये जपानी प्रसारणसंस्था एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर सुरू झालेल्या ‘लॉग होरायझन’ने दिले. मामारे तोनो यांच्या कथेवरील या मालिकेत ‘एल्डर टेल’ या खेळात सुमारे ३० हजार जपानी खेळाडू अडकतात. मेलेला खेळाडू पुन्हा जिवंत होतो, परंतु प्रत्येक मृत्यूबरोबर त्याच्या काही आठवणी नष्ट होतात. नायक शिरोए याचे सामर्थ्य तलवारीत नसून नियोजनात आहे : तो शहराचा कारभार बसवतो, गिल्डांची गोलमेज परिषद उभारतो आणि एनपीसी समजल्या जाणाऱ्या स्थानिक लोकांना स्वतंत्र माणसे म्हणून मान्यता मिळवून देतो. खेळातल्या यादीतून निवडलेले अन्न बेचव लागते, पण स्वयंपाक येणाऱ्या पात्राने हाताने रांधलेल्या अन्नाला चव येते, हा शोध आणि त्यातून उभी राहणारी बाजारपेठ या भागांचे प्रेक्षकांनी विशेष स्वागत केले. संथ गती आणि लांबलेली चर्चा यांबद्दल तक्रारी झाल्या, तरी कायदा, कर, अन्न आणि शेजारधर्म यांतून जग उभे राहते, हे दाखवणारी मालिका म्हणून तिला आदराचे स्थान मिळाले.

त्यापुढील काही मालिकांनी धोका पूर्णपणे बाजूला ठेवला. २०२० च्या ‘बोफुरी’मध्ये आपले सारे गुण केवळ संरक्षणावर खर्च करणारी मेपल ही मुलगी निव्वळ आनंदासाठी खेळते, तर २०२३ च्या ‘शांग्री-ला फ्रंटियर’चा नायक फसलेले, सदोष खेळ आवडीने पार करणारा हौशी खेळाडू आहे. या मालिकांना मिळालेल्या पसंतीवरून असे दिसते की कौशल्य, मैत्री आणि शोधाचा आनंद एवढ्या आधारावरही प्रेक्षक एखाद्या आभासी जगाशी बांधला जातो.

प्रतिसादाचा निर्मितीवरील परिणाम : कावाहारा यांनी २०१२ च्या ऑक्टोबरपासून ‘प्रोग्रेसिव्ह’ या स्वतंत्र ग्रंथमालेत पहिल्या मजल्यापासूनची चढाई पुन्हा सविस्तर सांगण्यास आरंभ केला, तिच्यावरील पहिला चित्रपट ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि त्यात कथा आसुनाच्या दृष्टीतून मांडली गेली. गाळलेले मजले आणि दुय्यम झालेली नायिका या दोन्ही जुन्या तक्रारींना त्यामुळे कथेतच उत्तर मिळाले. २०१४ च्या दुसऱ्या पर्वातील ‘मदर्स रोझारिओ’ हे प्रकरण तर पूर्वीच्या टीकाकारांनीही वाखाणले. एचआयव्हीबाधित, मरणासन्न युकी ही मुलगी रुग्णालयातील यंत्राच्या साहाय्याने आभासी जगात जगते, तेथे तिला मैत्रीण, कीर्ती आणि निरोप देणारा जनसमुदाय लाभतो. येथे खेळ मृत्यू घडवत नाही, तर मृत्यूपूर्वीचे आयुष्य मिळवून देतो.

प्रतिसाद पडद्याबाहेरही पोहोचला. आभासी वास्तवाच्या ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी लोकवर्गणी ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे ही मालिका चालू असतानाच, गोळा होऊ लागली आणि मालिकेमुळे, विशेषतः जपानमध्ये, या हेडसेटबद्दलचा उत्साह वाढल्याचे त्याचे जनक पामर लकी यांनी नमूद केले आहे. ६ नोव्हेंबर २०२२ ही कथेतील तारीख प्रत्यक्षात उजाडली तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी ती साजरी केली.

भारत व महाराष्ट्र : भारतात ॲनिमेला वाहिलेली ॲनिमॅक्स वाहिनी २००४ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये बंद झाली. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांची या माध्यमाशी ओळख मात्र हिंदीत भाषांतरित ‘डोरेमॉन’, ‘शिनचान’ आणि ‘पोकेमॉन’ यांच्याद्वारे बालपणीच झाली आणि त्यामुळे ॲनिमे म्हणजे लहान मुलांचे कार्टून हा समजही घराघरांत रुजला. भारतीय प्रेक्षकाच्या संघटित इच्छेचे ठळक उदाहरण २०१९ मध्ये दिसले : माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट येथे प्रदर्शित व्हावा यासाठी चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि ऑक्टोबरमध्ये तो चित्रपटगृहांत लागला. स्वस्त मोबाइल इंटरनेटमुळे २०१६ नंतर मालिका थेट फोनवर पाहणे सुलभ झाले आणि पुढे इंटरनेटवरील प्रसारणसेवांनी हिंदी, तमिळ व तेलुगू ध्वनिमुद्रण देण्यास आरंभ केला. खेळातील लेव्हलच्या रचनेवर बेतलेली २०२४ ची ‘सोलो लेव्हलिंग’ अशा रीतीने हिंदीतून पाहता आली. मराठी प्रेक्षक त्यामुळे हिंदी आवाज किंवा जपानी आवाजासह इंग्रजी उपशीर्षके या दोन वाटांनी या मालिकांपर्यंत पोहोचतो.

भोर-वेल्हे परिसरातील समांतर परंपरा : कल्पित जगाची रचना पारखण्याची सवय पुणे जिल्ह्याच्या या डोंगरी भागाशी निगडित असलेल्या दिवाळीतील किल्ल्यांच्या परंपरेत स्पष्ट दिसते. वेल्हे (नव्या नावाने राजगड) तालुक्यातील राजगड व तोरणा आणि भोर तालुक्यातील रोहिडा हे गड महाराष्ट्रभरची मुले अंगणात दगडमातीने उभारतात, अळीव किंवा मोहरी पेरून त्यांवर हिरवळ आणतात आणि मावळ्यांची चित्रे मांडतात. पाहायला येणारी वडीलधारी मंडळी राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आणि त्यांवरचा बालेकिल्ला योग्य जागी आहेत का, तोरण्याची झुंजार माची व बुधला माची ओळखू येते का, हे आवर्जून विचारतात. मातीच्या लहानशा ढिगाला गड मानण्याची पूर्ण तयारी आणि त्या गडाने आपल्या रचनेशी प्रामाणिक राहावे हा आग्रह, ही दोन्ही अंगे आइनक्राडच्या मजल्यांचा हिशेब मागणाऱ्या प्रेक्षकाच्या वृत्तीतही आढळतात. फरक इतकाच की राजगडाचा मूळ आधार प्रत्यक्ष उभा आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही त्याचा समावेश झाला. आइनक्राडचा आधार मात्र लेखकाने घालून दिलेले नियम एवढाच आहे, म्हणून तेथे नियमभंग अधिक बोचतो.

मूल्यमापन : या मालिकांवरील प्रतिसादाकडे चाहत्यांची भांडणे म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. नियम सुसंगत असावेत, मृत्यूला किंमत असावी, स्त्रीपात्रांना कर्तृत्व असावे आणि संगणकाने चालवलेल्या पात्रांनाही माणूसपण असावे, अशा मागण्या करताना प्रेक्षक वस्तुतः न्याय्य जग कसे असावे याविषयी बोलत असतो, आणि आयुष्याचा मोठा भाग पडद्यासमोर घालवणाऱ्या पिढीसाठी हा विचार अत्यंत मोलाचा आहे. पालक व शिक्षक यांनी या मालिकांना केवळ वेळेचा अपव्यय न मानता मुलांना त्यांतील कोणता प्रसंग अन्यायाचा वाटला आणि का, हे विचारल्यास कथेची पारख आणि नैतिक विवेक या दोन्ही गोष्टींचे शिक्षण त्या संवादातून घडू शकते.