सीएसआर निधी हवाय? आधी तीन वर्षांची अट समजून घ्या

संस्थेची नोंदणी झाली की कंपन्यांकडून निधी मिळतो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्या सीएसआरची कामं संस्थांकडून करून घेऊ शकतात. पण ती संस्था सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालची कंपनी असावी लागते. शिवाय आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही नोंदणीही लागते.

खरी अडचण पुढे आहे. संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. (कंपनीनेच काढलेल्या संस्थेला ही अट नाही.) नोंदणी जुनी आहे, एवढं पुरत नाही. तीन वर्षं फक्त वह्यावाटप केलं आणि आता पाणलोटाचा प्रकल्प मागितला, तर गाडी इथेच अडते. म्हणून लेखापरीक्षण अहवाल आणि कामाच्या नोंदी पहिल्या वर्षापासून जपा.

१ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा ऑनलाइन फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेणंही बंधनकारक आहे. मात्र क्रमांक मिळाला म्हणजे निधी मंजूर झाला, असं होत नाही. पैसे कुणाला द्यायचे, हे कंपनी ठरवते. त्यामुळे ‘क्रमांक काढून देतो, निधी पक्का’ असं सांगत कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.