तारेवरचा जमाखर्च : बुलेटिन बोर्ड ते वारणेची संगणक केंद्रे

धागा 🧵
मोडेमच्या काळात संगणकीय जोडणीचे मोल मिनिटांत मोजले जाई. ते मोजत कोण आणि भरत कोण, याचा इतिहास शिकागोहून मुंबईमार्गे थेट पन्हाळा तालुक्यात येतो.

१६ फेब्रुवारी १९७८ रोजी वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड सुरू केला. एक संगणक, एक मोडेम, एक दूरध्वनी. कोणीही फोन लावावा, निरोप वाचावेत, आपला निरोप ठेवावा. अडचण एवढीच, की तार एक असल्यामुळे एका वेळी एकालाच आत प्रवेश. बाकीच्यांना ‘व्यस्त’ स्वर.

म्हणजे इथे दुर्मीळ वस्तू होती ती वेळ. पुढे असे हजारो बोर्ड निघाले आणि ते चालवणारा (त्याला ‘सिसॉप’ म्हणत) जवळजवळ पतपेढीचा कारकून झाला. प्रत्येक सभासदाचे खाते असे. दिवसाला ठरावीक मिनिटे मिळत. ती संपली की जोडणी आपोआप तुटे. फाइल चढवली की खात्यात क्रेडिट जमा, उतरवून घेतली की वजा. नुसतेच घेणारा आणि काही न देणारा सभासद लवकरच रिकाम्या खात्यावर येई. काही बोर्ड वर्गणी भरणाऱ्यास जादा मिनिटे देत. नाण्याला हात न लावता चालणारी ही अर्थव्यवस्था होती, आणि माझ्या मते त्या काळातील सर्वांत कल्पक गोष्ट हीच.

परंतु सिसॉपच्या वहीबाहेर आणखी एक मीटर फिरत असे, तो दूरध्वनी खात्याचा. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखे बोर्ड चालत. मुंबईतल्या माणसाला तो स्थानिक फोन. कोल्हापुरातून तोच क्रमांक फिरवायचा तर एसटीडी लागे, आणि अंतर जितके जास्त तितके पल्स भराभर पडत. रात्री अकरानंतर दर पाव होई. एसटीडी बूथसमोरच्या रात्रीच्या रांगा घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवतील. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी उभारलेल्या फिडोनेटचेही गणित तेच : दिवसभर पत्रे साठवायची आणि रात्री स्वस्त दरात एका बोर्डाने दुसऱ्याला फोन करून ती पोहोचवायची.

मग सरकारचे लक्ष गेले. १९९४ च्या सुमारास दूरसंचार विभागाने बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांकडून वर्षाला किमान १५ लाख रुपये परवाना शुल्काची मागणी केली. घरातल्या एका संगणकावर हौसेने चालणाऱ्या उपक्रमाकडून १५ लाख! त्याला विरोध करण्यासाठी ‘फ्री’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा, इलेक्ट्रॉनिक अभिव्यक्तीच्या हक्कासाठीचा मंच उभा राहिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा व्यक्तीसाठी २५० तासांचे ५,००० रुपये पडत. तासाला २० रुपये, आणि फोनचे बिल वेगळे.

आता वारणेकडे वळू. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर म्हणजे तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभी केलेली सहकारी वसाहत : साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शिक्षणसंस्था. १९९८ मध्ये केंद्र सरकारने इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे, अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, खर्च सुमारे अडीच कोटी. त्यात केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा ४० आणि वारणा समूहाचा १०.

गावातल्या केंद्रात संगणक, प्रिंटर आणि तो चालवणारा एक तरुण. योजनेत शेतीसल्ला होता, बाजारभाव होते, शिक्षणही होते. प्रत्यक्षात लोकांनी त्याचा उपयोग प्रामुख्याने एकाच कामासाठी केला : उसाचे खाते.

हे खाते साधे नसते. लागणीची नोंद, तोडणीचा हुकूम, काट्यावर भरलेले वजन, त्यापोटी जमा झालेले बिल. आणि त्यातूनच वजा होणारी उधारीच्या खताची किंमत, पाणीपट्टी, सोसायटीचे कर्ज. सगळी वही कारखान्याच्या कचेरीत. किती टन भरला, किती कापून घेतले, हे पाहायचे तर सभासदाने दिवस मोडून वारणानगर गाठायचे आणि टेबलापलीकडचा माणूस सांगेल ते ऐकायचे. आता तीच नोंद गावातल्या प्रिंटरवर कागदावर येऊ लागली. कपात चुकली असेल तर बोट ठेवायला जागा मिळाली.

इथे क्रेडिटचा अर्थ पालटतो. बोर्डावरच्या सभासदाला जोडणीचीच मिनिटे कमवावी लागत. वारणेत खाते आधीपासून होते, तार नंतर आली. आणि तारेचा खर्च सभासदाच्या माथी न मारता संस्थेने उचलला. या प्रकल्पाला ‘फसलेले ई-गाव’ म्हणून निकालात काढणारे योजनेचे कागद पाहतात. उसाचे खाते पाहिले असते तर इतक्या घाईने निकाल दिला नसता.

मात्र खर्च कोणीतरी भरतच होते. संगणक जुने झाले, दुरुस्ती वाढली, वीज जाई. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी मग ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. त्याचा शोधनिबंध २००७ मध्ये आला. गावातला संगणक बाजूला ठेवून त्यांनी एसएमएस वापरला. जुन्या यंत्रणेची सगळी कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत अधिक आवडली.

एसएमएसला मिनिटे लागत नाहीत. पैसे पडतात ते संदेशामागे. संदेश पाठवायचा, आणि कारखान्यातल्या संगणकाने खाते चाळून दिलेले उत्तर त्याच फोनच्या पडद्यावर वाचायचे.