मॅगझिन भरणारे हात

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाताना माणगाव लागतं. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तुम्ही तिथून गेला असाल, तर कदाचित पाहिलाही असेल. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नाईक आपल्या तुकडीसह एका जर्मन मशिनगनच्या माऱ्यात सापडले. बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. समोर अजून दोघं होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांच्या सन्मानपत्रात ही वेळ नसल्याची गोष्ट अगदी सरळ, कोरड्या शब्दांत लिहिलेली आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा शौर्याच्या आधी डोक्यात आला तो वेळेचा हिशेब. मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, पण जुनी सवय काही जात नाही. रसायनशास्त्रात एक साधा नियम शिकवतात : एखादी अभिक्रिया पाच पायऱ्यांत होत असेल, तर तिचा एकूण वेग सगळ्यात संथ पायरी ठरवते. बाकीच्या चार कितीही पळोत. हाच नियम बंदुकीला लावून बघायचा, हा आजच्या लेखाचा विषय.

बदलणं वेगळं, भरणं वेगळं

मॅगझिन म्हणजे काडतुसं ठेवायची पेटी. तळाशी स्प्रिंग असते, ती काडतुसं वर ढकलत राहते. भरलेलं मॅगझिन हाताशी असेल तर ते बदलायला काही सेकंद पुरतात. पण रिकामं मॅगझिन भरायचं म्हणजे एकेक काडतूस अंगठ्याने खाली दाबत जायचं. स्प्रिंग जितकी दाबाल तितकी ती जोराने उलटं ढकलते. त्यामुळे पहिली दहा काडतुसं सहज जातात आणि शेवटच्या पाचांना अंगठा सोलवटून निघतो. ब्रिटिशांच्या स्टेन गनचं ३२ काडतुसांचं मॅगझिन तर इतकं हट्टी होतं की ते भरण्यासाठी तरफेचं वेगळं हत्यार द्यावं लागलं. आज नेमबाजीच्या रेंजवर टेबलाला बसवलेलं भरणी यंत्र दिसतं, त्यातही तत्त्व तेच. काडतुसं ओळीने मांडायची, दांडा ओढायचा, अंगठ्याचं काम तरफ करते.

पण ही युक्ती फार जुनी आहे. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलमध्ये काडतुसं एकेक करून भरावी लागत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात समोरच्या बोअर शेतकऱ्यांकडे माउझर रायफली होत्या. त्यांची पाच काडतुसं पत्र्याच्या एका पट्टीत आधीच अडकवलेली असत. पट्टी वर ठेवायची, अंगठ्याने एकदा दाबायचं, पाचही आत. ब्रिटिशांनी धडा घेतला आणि पुढच्या ली-एनफील्डमध्ये अशीच सोय केली. ही तीच ‘थ्री नॉट थ्री’, जी आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षं दिसत होती.

आता इथे एक गोष्ट बघा. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. उलटं झालं, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी रायफल बसते. म्हणजे भरणाऱ्याला नुसती घाई करून चालत नाही, नीटही भरावं लागतं. पत्र्याच्या पट्टीने काम वाचवलं का? नाही. रणांगणावरच्या सैनिकाचं काम तिने आधीच, दुसरीकडे, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून करून घेतलं. काम संपलं नाही, सरकलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवयांचं यंत्र आणि विकर्स

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांची विकर्स मशिनगन मिनिटाला ४५० ते ५०० गोळ्या झाडू शकत असे. तिला मॅगझिन नव्हतं. २५० काडतुसांचा कापडी पट्टा असे. त्यात ओळीने कप्पे शिवलेले आणि प्रत्येक कप्प्यात एक काडतूस. सलग झाडलं तर एक पट्टा अर्ध्या मिनिटात फस्त. आणि हाताने भरायला? एका काडतुसाला तीन-चार सेकंद धरा. २५० ला साधारण पंधरा मिनिटं होतात. अर्ध्या मिनिटाच्या जेवणासाठी पाव तासाचा स्वयंपाक!

म्हणून पट्टा भरायचं यंत्र आलं. त्याचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीचं शेवयांचं यंत्र आठवलं. खाटेच्या दांडीला स्क्रूने आवळलेलं, वर पीठ घालायची जागा, बाजूला फिरवायचा दांडा. हेही तसंच : टेबलाला किंवा पेटीला घट्ट बसवायचं, वरून काडतुसं सोडायची, एका बाजूने रिकामा पट्टा घालायचा आणि दांडा फिरवायचा. दुसऱ्या बाजूने भरलेला पट्टा बाहेर.

त्याचा फायदा फक्त वेगाचा नव्हता. हाताने भरताना एखादं काडतूस थोडं बाहेर राहतं, एखादं जास्त आत जातं. अशा वाकड्यातिकड्या पट्ट्याने बंदूक अडते. यंत्र प्रत्येक काडतूस सारख्याच खोलीवर बसवतं. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल : सरासरी वेग वाढवण्यापेक्षा चढउतार कमी करणं पुष्कळदा जास्त मोलाचं असतं.

दहा लाखांना एक पट्टा कमी

या यंत्राचा सगळ्यात प्रसिद्ध उल्लेख फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतला आहे. जागा हाय वुड नावाचं रान. १४ जुलै १९१६ रोजी याच रानाजवळ भारतातून गेलेल्या २० डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन हल्ला केला होता. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २४ ऑगस्टला, १०० व्या मशिनगन कंपनीच्या दहा विकर्स गन तिथे मांडल्या गेल्या. समोरच्या टेकाडापलीकडच्या जर्मन जागांवर बारा तास सतत मारा करायचा, म्हणजे तिथे कोणाला हलता येऊ नये, असा हुकूम होता.

कंपनीचे प्रमुख ग्रॅहम सीटन हचिसन यांनी नंतर लिहिलं की बारा तासांत दहा लाखांना २५० कमी, म्हणजे ९,९९,७५० गोळ्या झाडल्या. शंभर नळ्या वापरल्या. पाणी आणि दारूगोळा वाहायला पायदळाच्या दोन कंपन्या लावल्या. सर्वाधिक गोळ्या झाडणाऱ्या गनवरच्या प्रत्येकाला पाच फ्रँकचं बक्षीस होतं. जिंकणाऱ्या गनने सव्वा लाखाच्या आसपास गोळ्या झाडल्या. आणि दोन माणसांनी पट्टे भरायचं यंत्र बारा तास क्षणभरही न थांबता चालवलं.

ही गोष्ट बंदुकांवरच्या पुस्तकांत जवळजवळ हमखास येते. बहुतेक वेळा ‘विकर्स किती दणकट होती बघा’ हे सांगायला. चला, आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू.

बारा तास म्हणजे ७२० मिनिटं. दहा गन. प्रत्येक गनच्या वाट्याला मिनिटाला सुमारे १३९ गोळ्या आल्या. गनची क्षमता ४५० च्या वर. म्हणजे प्रत्येक गन जवळपास सत्तर टक्के वेळ गप्प होती! बंदूक ही इथली संथ पायरी नव्हतीच.

आता पट्टे. ९,९९,७५० भागिले २५० म्हणजे बरोबर ३,९९९. चार हजारांना एक पट्टा कमी. माझा अंदाज असा की त्या दिवशी गोळ्या कोणी मोजल्या नसतील. मोजले असतील तर पट्टे. हे सगळे पट्टे एकाच यंत्राने बारा तासांत भरायचे, तर दर अकरा सेकंदांना एक पट्टा, म्हणजे सेकंदाला २३ काडतुसं. दांडा फिरवून हे होणं शक्य नाही. मग उरलेले पट्टे कोणी भरले? एकतर आदल्या दिवसांत भरून ठेवले असतील, नाहीतर तिथेच हातांनी भरले असतील. सगळे हातानेच भरायचे म्हटलं, तर पाव तासाच्या हिशेबाने हजार तासांचं काम. बारा तासांत उरकायला ८३ माणसं, एक मिनिटही न थांबता.

शिवाय वजन. एक काडतूस सुमारे २५ ग्रॅमचं. दहा लाखांचे झाले २५ टन. माणशी २० किलो धरले, तर १,२५० खेपा, खंदकांमधून. यात पाणी धरलेलं नाही.

मग आकडा खोटा का?

मला तसं म्हणायचं नाही. दहा लाख गोळ्या भागिले शंभर नळ्या, म्हणजे नळीमागे दहा हजार. विकर्सची नळी साधारण तितक्या गोळ्यांनंतरच बदलत. आकडे एकमेकांशी जुळतात. पण मार्गदर्शकांनी आम्हाला एक गोष्ट पहिल्याच वर्षी बजावली होती : आकडे फारच सुबक जुळले, तर कोणी एकावरून दुसरा काढला नाही ना, हे बघायचं. जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. मी इतकंच म्हणेन की तो आकडा अशक्य नाही, मात्र गोष्टीत दिसतात तेवढ्याच माणसांनी तो शक्य नाही. तो खरा असेल, तर त्या दोन यंत्रचालकांच्या मागे कित्येक डझन अंगठे असलेच पाहिजेत. त्यांना पाच फ्रँक मिळाल्याचा उल्लेख नाही.

आणि आणखी एक बाजू या हिशेबात येतच नाही. त्या २५ टनांच्या दुसऱ्या टोकालाही माणसं होती. हाय वुड पूर्णपणे ब्रिटिशांच्या हाती आलं ते १५ सप्टेंबरला, तीन आठवड्यांनी. भरणारे, वाहणारे आणि मरणारे, तिघांनाही ‘दहा लाख’ हा एक आकडा झाकून टाकतो.

पुढे पट्टा भरायचं काम आणखी मागे सरकलं. धातूच्या कड्यांचे पट्टे आले, ते कारखान्यातूनच भरून येऊ लागले. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांना एम-१६ ची काडतुसं दहा-दहाच्या पट्ट्यांत आणि मॅगझिनवर बसवायच्या छोट्या खाचेसकट मिळत. हत्यारं बदलली, पण दर वेळी झालं तेच : संथ पायरी रणांगणावरून उचलून टेबलावर आणि टेबलावरून कारखान्यात नेली.

म्हणून पुढच्या वेळी मिनिटाला अमुक गोळ्या असं कुठे वाचलंत, तर एक प्रश्न विचारून बघा : भरायला किती वेळ लागला आणि कोणी भरलं? टायबरच्या खोऱ्यात घाडग्यांना कमी पडले ते काही सेकंद. ती टॉमीगन पुन्हा चालण्यासाठी लागणारं मॅगझिन कोणीतरी, कुठेतरी, आदल्या रात्री अंगठ्याने दाबून भरलेलं असणार. ते कदाचित त्यांच्याच पट्ट्यात, हाताभराच्या अंतरावर असेल.