शोभेचे वृक्ष : निवड (अंबाजोगाई परिसर)

फुलोरा, पालवी, सावली किंवा डौलदार घेर यांसाठी रस्ते, उद्याने, देवालये आणि मोठी आवारे यांत लावल्या जाणाऱ्या झाडांना शोभेचे वृक्ष म्हणतात. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे बालाघाटच्या डोंगररांगेवर, जयंती नदीकाठी वसलेले शहर आहे. येथे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असतो. त्यामुळे झाड किती फुलते याच्या आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : ते पहिले दोन-तीन उन्हाळे कशावर तगेल आणि चैत्र-वैशाखात त्याच्यावर पाने असतील की नाही.

जमीन व पाणी : पठारावर मातीचा थर पातळ असून त्याखाली मुरूम व काळा पाषाण लागतो. सखल भागातील काळी माती खोल असली, तरी ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात कोवळी मुळे तुटतात. धनेगावचे (ता. केज) मांजरा धरण हा या भागाचा मोठा जलाधार होय. २०१६ मध्ये ते आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सततच्या पाण्यावर पोसणारी झाडे येथे सरसकट लावू नयेत, ती यामुळेच.

पानगळ व फुलोरा : पळस, पांगारा व काटेसावर ही इथल्या माळरानाची खरी शोभा होय. मात्र ती फुलतात तेव्हा बहुधा निष्पर्ण असतात. मुकुंदराजांच्या समाधीकडील डोंगरउतारांसारख्या मोकळ्या जागी ती लांबूनही उठून दिसतात. बसथांब्यावर सावलीसाठी त्यांचा उपयोग नाही. याउलट करंज व कडुनिंब यांची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकते आणि ऊन तापेपर्यंत नवी पालवी भरते. बहावा (कॅसिया फिस्टुला) या दोहोंच्या मधला : एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लगडतो, पण त्या वेळी त्याची सावली विरळ असते. म्हणून रस्त्याकडेला करंज किंवा कडुनिंबाची रांग धरून मधूनमधून बहावा लावल्यास सावली व रंग दोन्ही साधतात.

जागेनुसार निवड : विजेच्या तारांखाली आपटा, कांचन, देवचाफा यांसारखी लहान झाडे योग्य. नदी-नाल्याच्या काठी अर्जुन, जांभूळ आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण लावता येतो. ताम्हणाला ओल लागते, कोरड्या मुरमावर तो खुरटतो. देवळांच्या आवारात बेल, बकुळ, चाफा शोभतात. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी असते. कैलासपतीची तोफगोळ्यांएवढी फळे खोडालगत पडतात, त्यामुळे तो वाटेपासून दूर हवा. हत्तीखाना लेणी किंवा बाराखांबी मंदिर अशा जुन्या दगडी वास्तूंजवळ वड-पिंपळ लावू नयेत. त्यांची मुळे सांध्यांत शिरून दगड उचलतात. सप्तपर्णीचा हेमंतातील उग्र वास अनेकांना सोसत नाही, म्हणून रुग्णालयांच्या खिडक्यांलगत ती टाळावी.

विदेशी वृक्ष : मादागास्करहून आलेला गुलमोहर लवकर वाढतो, परंतु त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वादळात फांद्या मोडतात, कधी झाड उन्मळते. मोकळ्या मैदानात तो चालेल, वाहनतळावर नको. सुबाभूळ बियांनी पसरून इतर रोपांना जागा ठेवत नाही. झटपट हिरवाईसाठी लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली.

लागवड : मुरमाड जागी शक्यतो एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा पहारीने उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि गाळाची माती व कुजलेले शेणखत घालून भरावा. मृगाच्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. रोप घेताना पिशवीचा तळ पाहावा : मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली असतील, तर वरून तरारलेले रोपही पुढे वाऱ्यात कलते. मोठ्या झाडांत ८ ते १० मी., मध्यम झाडांत ५ ते ६ मी. अंतर ठेवावे. काठीचा आधार, शेळ्या-गुरांपासून जाळी, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि निदान तीन उन्हाळे पाणी, एवढी निगा लागते. रोजच्या शिंपणापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली नेते. ज्या जागी ही सोय नाही, तेथे रोपांची संख्या कमी करणे हाच शहाणपणा.

कायदा व लोकसहभाग : नगरपरिषद क्षेत्रातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवण येथील सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरले. ओसाड डोंगरावर स्थानिक जातींची झाडे जगवता येतात, याचा जिल्ह्यातला नमुना म्हणून ही देवराई पाहण्याजोगी आहे.