झाकलेल्या बाटल्यांचा निवाडा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. परंतु माणसाच्या जिभेलाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासातही सिंहासने डळमळतात. असे एक सिंहासन २४ मे १९७६ रोजी दुपारी पॅरिसमधील एका हॉटेलात डळमळले. तेथे ना सैन्य होते, ना सभा. नऊ परीक्षक, वीस वाइन आणि गुण टिपण्याचे कागद, एवढीच सामग्री.

या व्यासपीठावरून वाइनविषयी बोलायचे तर आधी एक खुलासा केला पाहिजे. मद्याची भलामण करण्यासाठी मी हा विषय घेतलेला नाही. ज्याला ते वर्ज्य आहे त्याने ते खुशाल वर्ज्य मानावे. माझा विषय आहे परीक्षा. मोठ्या नावाचे वजन परीक्षकाच्या जिभेवर कसे पडते आणि ते वजन बाजूला काढले म्हणजे काय घडते, हे या एका दुपारच्या हकिगतीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

प्रथम त्या सिंहासनाची ओळख करून घेऊ. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत भरलेल्या या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. बोर्दोच्या दलालांनी ती करून दिली, आणि ती करताना त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट पाहिली : बाजारात कोणत्या मळ्याच्या वाइनला काय भाव येतो. तांबड्या वाइनचे पाच वर्ग पडले. तेव्हापासून ही यादी जवळजवळ शिलालेखच होऊन बसली. शातो मूताँ-रोथशिल्ड या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात चढायला १९७३ साल उजाडावे लागले! पहिल्या वर्गात नाव असले की भाव चढा. आणि भाव चढा असला की नाव पहिल्या वर्गात शोभून दिसते. मोठेपणाचे हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे त्याला धक्का देणारा हात सहसा सापडत नाही.

आता समोरचा पक्ष पाहा. कॅलिफोर्नियात द्राक्षमळे एकोणिसाव्या शतकातच पसरले होते. पण १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि ती १९३३ च्या डिसेंबरपर्यंत टिकली. या तेरा-चौदा वर्षांत शेकडो मद्यशाळांना कुलपे लागली. चर्चमधील धर्मविधीसाठी लागणारी वाइन करण्याची मुभा होती, तिच्या आधारावर थोड्या तगल्या. पुष्कळ शेतकऱ्यांनी नाजूक जातीच्या वेली उपटून जाड सालीची, रेल्वेच्या लांब प्रवासात टिकणारी द्राक्षे लावली. बंदी उठली तेव्हा कायदा मागे घेता आला. हातातून गेलेले कसब मात्र कायद्याने परत येईना. पुढची कित्येक वर्षे कॅलिफोर्नियाची वाइन म्हणजे मोठ्या कारखान्यातली स्वस्त, गोड वाइन, अशीच समजूत राहिली.

या पडीक रानात साठ-सत्तरच्या दशकांत काही विलक्षण माणसे येऊन राहिली. १९६६ साली रॉबर्ट मोंडाव्हीने नापा खोऱ्यात नवी मद्यशाळा उभारली. तिच्या पहिल्या वर्षांत तेथे काम केलेल्या दोन माणसांशी आपल्याला कर्तव्य आहे. एक वॉरन विनिआर्स्की. शिकागो विद्यापीठातले अध्यापन सोडून हा गृहस्थ १९६४ साली कुटुंबासह कॅलिफोर्नियात आला आणि तेथे एका छोट्या मद्यशाळेत मदतनीस म्हणून राबू लागला. १९६९ साली नेथन फे नावाच्या शेतकऱ्याने घरच्या घरी केलेली वाइन त्याला चाखायला मिळाली. त्या एका पेल्यावर भरवसा ठेवून विनिआर्स्कीने त्या शेतकऱ्याच्या शेजारची जमीन घेतली आणि १९७० साली वेली लावल्या. त्याच्या मद्यशाळेचे नाव स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स.

दुसरा माइक ग्रगिच. क्रोएशियातल्या एका खेड्यात जन्मलेला हा माणूस युगोस्लाव्हियातून बाहेर पडून, जर्मनी आणि कॅनडा अशी मजल-दरमजल करीत १९५८ साली नापाला पोचला. १९७२ पासून तो शातो मोंतेलेना येथे वाइन करू लागला. ही १८८२ सालची जुनी दगडी वास्तू जिम बॅरेट नावाच्या वकिलाने नुकतीच पुन्हा जागती केली होती. तिच्या १९७३ च्या पांढऱ्या वाइनसाठी स्वतःच्या मळ्यातली द्राक्षे नव्हतीच. ती शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली होती, आणि त्यातला मोठा भाग शेजारच्या सोनोमा परगण्यातला होता.

या छोट्या घरांची अडचण नीट ध्यानात घ्या. वेल लावल्यावर फळासाठी सुमारे तीन वर्षे थांबायचे. रस आंबवून तो ओकच्या पिंपांत मुरवायचा. मग बाटलीत आणखी काही काळ ठेवायचा. पाच-सहा वर्षे नुसता पैसा जमिनीत आणि तळघरात गाडायचा आणि शेवटी जो माल हाती येतो त्याला नाव नाही. नाव नाही म्हणून कोणी चाखत नाही, आणि कोणी चाखत नाही म्हणून नाव होत नाही. बीजवृक्षन्याय म्हणतात तो हाच.

ही कोंडी फोडली ती एका इंग्रजाने. स्टीव्हन स्परिअर हा तरुण पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइनची शाळा चालवीत असे. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या या नव्या छोट्या घरांची वाइन फ्रेंच जाणकारांना चाखवावी, अशी कल्पना त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलॅघर हिने मांडली. बाटल्या आल्या त्याही गमतीनेच : फ्रान्सच्या सहलीला निघालेल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनवाल्यांच्या सामानातून!

परीक्षक सगळे फ्रेंच, आणि सगळे मातब्बर. बर्गंडीतल्या अत्यंत नामांकित मळ्याचा सहमालक ओबेर द व्हिलेन, 'रेव्ह्यू द्यू व्हँ द फ्रान्स' या नियतकालिकाची संपादिका ओदेत कान, ल ग्रां व्हेफूर या उपाहारगृहाचे रेमों ऑलिव्हिए, अशी ती मंडळी. आपण अमेरिकन वाइन चाखायला आलो आहोत, अशीच त्यांची समजूत होती. स्परिअरने त्यांना ऐनवेळी सांगितले की यात काही फ्रेंच वाइनही मिसळल्या आहेत आणि नावे झाकलेली राहतील. कोणी हरकत घेतली नाही. कशाला घेतील? आपली वाइन आपल्याला ओळखू येणार नाही, अशी शंका घेणेही त्यांना अपमानास्पद वाटले असते.

परीक्षेची रीत साधी असते. पेला थोडाच भरायचा. शुभ्र कापडासमोर धरून रंग पाहायचा. पेला फिरवून वास घ्यायचा. घोट तोंडात घोळवायचा, त्यात थोडी हवा ओढायची, आणि तो न गिळता थुंकून टाकायचा. मग जिभेवर काय उरते आणि किती वेळ उरते, तेही मोजायचे. प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण. पांढऱ्या दहा आणि तांबड्या दहा. दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्सच्या चार. तांबड्यांत फ्रान्सच्या बाजूने मूताँ-रोथशिल्ड आणि ओ-ब्रियाँ हे पहिल्या वर्गाचे मानकरी होते, मोंत्रोज आणि लेओव्हिल-लास-काज हे दुसऱ्या वर्गाचे.

या प्रसंगाला हजर राहिलेला एकच वार्ताहर होता, 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. कोणत्या क्रमांकाच्या पेल्यात काय आहे याची यादी त्याच्या हाती होती. परीक्षकांच्या हाती नव्हती. त्यामुळे त्याला एक नाटकच पाहायला मिळाले. नापाची शार्डोने चाखून ऑलिव्हिएसाहेब 'आता कसे फ्रान्सला परतलो!' अशा अर्थाचे उद्गार काढीत होते, आणि दुसरे एक परीक्षक बर्गंडीची उंची बातार-मोंत्राशे तोंडात घेऊन 'हिला वासच नाही, ही नक्कीच कॅलिफोर्नियाची' असा निर्वाळा देत होते.

आधी पांढऱ्या वाइनचा निकाल वाचला गेला. पहिली : शातो मोंतेलेना, १९७३. पहिल्या चारांत तीन कॅलिफोर्नियाच्या. सभेत चलबिचल झाली. तांबड्यांची फेरी अजून व्हायची होती, आणि आता परीक्षक सावध झाले होते. अमेरिकन कोणती ते हेरून तिला मागे ठेवण्याची धडपडही काहींनी केली असावी, असे पुढे बोलले गेले. तरीही पहिली आली ती विनिआर्स्कीची स्टॅग्ज लीप, १९७३. अवघ्या तीन वर्षे वयाच्या वेलींच्या द्राक्षांची! मूताँ दुसरी, मोंत्रोज तिसरी, ओ-ब्रियाँ चौथी. ओदेत कान यांनी आपले गुणांचे कागद परत मागितले, असे स्परिअर सांगत असे. ते त्याने दिले नाहीत. ७ जूनच्या 'टाइम'ने ती बातमी जगभर नेली. फ्रेंच वृत्तपत्रांनी मात्र काही महिने मौन पाळले आणि मग हेटाळणी केली.

हे ऐकून आपल्याला आनंद होतो, कारण लहानाने मोठ्याला चीत केलेले आपल्याला आवडते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आनंदाच्या भरात पुरावा तपासायचे सोडू नये. या निवाड्यावर घेतलेले काही आक्षेप खरोखर वजनदार आहेत. तांबड्यांत पहिल्या आणि दुसऱ्या वाइनमधील सरासरी गुणांचे अंतर अगदी क्षुल्लक होते. परीक्षकांची आपापसांत एकवाक्यता नव्हती. तांबड्यांतल्या शेवटच्या चारही जागा कॅलिफोर्नियाकडेच होत्या. तेव्हा 'कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले' हे वाक्य त्या कागदांवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की नावे झाकल्यावर फ्रान्समधल्या उत्तम जिभांनाही दोहोंतला भेद खात्रीने सांगता आला नाही. आणि माझ्या मते हे पहिल्या वाक्यापेक्षा मोठे आहे.

आणखी एक आक्षेप होता : बोर्दोची वाइन वयाने फुलते; थांबा, मग बघा. जग थांबले. १९८६ साली तांबड्या वाइनची पुन्हा परीक्षा झाली; क्लो द्यू व्हाल ही कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, लंडन आणि नापा येथे एकाच वेळी पुन्हा परीक्षा झाली. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या, अग्रभागी रिज मोंते बेल्लो. क्रम दर वेळी बदलला, हे लक्षात ठेवा. त्यावरून दिसते की एका दुपारचे गुण म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण छोट्या घरांची लायकी हा योगायोग नव्हता, हेही त्यावरूनच दिसते.

नाव जिभेला कसे फसवते याचा एक नमुना फ्रान्सनेच पुरवला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोतील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बेचव तांबडा रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनला लावतात त्या शब्दांनी केले. डोळ्याने सांगितले आणि नाकाने मान डोलावली. मग चिठ्ठीवरच्या थोर नावाने काय होत असेल!

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी, अगदी शब्दशः मुळाशी, एक विनोद दडलेला आहे. १८६० नंतर फायलोक्सेरा नावाची कीड अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि तिने तेथील मळेच्या मळे मुळांपासून खाल्ले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच : ज्यांना ही कीड बाधत नाही अशा अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. तेव्हा १९७६ च्या त्या टेबलावर फ्रान्सची शान म्हणून जे मिरवत होते, ते बहुतांशी अमेरिकन मुळांवर उभे होते. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना याचे नवल वाटणार नाही; नाशिक-सांगलीकडे 'डॉगरिज' म्हणून जो खुंट वापरतात तोही मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचाच. शुद्ध कुळाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी अधूनमधून जमीन उकरून पाहावी.

कॅलिफोर्नियाचा आणि आपला धागा एवढ्यावर संपत नाही. तेथे शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ नव्वदच्या दशकात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली ती कॅलिफोर्नियातल्याच एका वाइनतज्ज्ञाच्या मदतीने. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर कितीतरी लहान वाइनऱ्या निघाल्या. काही टिकल्या, काही बुडाल्या. त्यांच्यापुढेही तोच जुना पेच होता : नाव नाही म्हणून चाखत नाही, चाखत नाही म्हणून नाव नाही.

त्या दुपारची मुख्य माणसे आता राहिली नाहीत. स्परिअर २०२१ साली गेला, ग्रगिच २०२३ साली वयाच्या शंभराव्या वर्षी, विनिआर्स्की २०२४ साली. त्या दोन विजयी वाइनच्या बाटल्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवल्या आहेत. आणि काळाचा न्याय पाहा : विनिआर्स्कीची ती छोटी मद्यशाळा २००७ साली साडेअठरा कोटी डॉलरना विकली गेली. जे नाव झाकल्यामुळे मोठे झाले, ते आज झाकायला हवे अशा मोठ्या नावांत जमा आहे! आता त्याच्या शेजारच्या एखाद्या अनाम मळ्याला स्वतःच्या स्परिअरची वाट पाहावी लागणार.

म्हणूनच ही हकिगत केवळ वाइनची नाही. आंब्याच्या पेटीवर गावाचे नाव वाचले की फोड तोंडात जाण्याआधीच आपण मान डोलावतो. घराणे ऐकून गाण्याला दाद देतो, प्रकाशक पाहून पुस्तक उचलतो. नावे अगदीच खोटी असतात असे नाही. पूर्वी कोणीतरी कसून परीक्षा घेतली होती, त्याची ती पावती असते. पण पावती जुनी झाली की तिच्यावर माल मिळतोच असे नाही. समाजाने मधूनमधून नावावर कापड टाकावे आणि आपल्या जिभेला स्वतःचे मत सांगू द्यावे. त्यात थोरांचे नुकसान थोडे होते. मूताँ-रोथशिल्डचे काही बिघडले नाही. पण तळघरात पाच वर्षे वाट पाहणाऱ्या एखाद्या अनाम कारागिराला न्याय मिळण्याचा तेवढाच एक रस्ता असतो.