तळटीप : टीजीव्ही

टीजीव्ही : फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेची अतिवेगवान प्रवासी गाडी. पहिला नमुना गॅस टर्बाइनवर धावत असे. १९७३च्या तेलसंकटानंतर अभियंत्यांनी विजेचा मार्ग धरला. पॅरिस–लियाँ सेवा २७ सप्टेंबर १९८१ रोजी सुरू झाली, तेव्हा कमाल वेग ताशी २६० किलोमीटर होता. आज काही मार्गांवर तो ३२० आहे. ३ एप्रिल २००७ रोजी खास सज्ज केलेल्या गाडीने चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटर वेग गाठला.

विक्रमाइतकीच मोलाची आहे तिची रचना. जपानमध्ये शिन्कान्सेन या अतिवेगवान गाड्यांसाठी जुन्या अरुंद रुळांहून रुंद, स्वतंत्र रूळ टाकावे लागले. फ्रान्समध्ये नव्या-जुन्या रुळांची रुंदी एकच. म्हणून ही गाडी जुन्याच रुळांवरून शहरांच्या मध्यवर्ती स्थानकांत शिरते आणि नवा मार्ग न पोहोचलेल्या गावांनाही थेट पॅरिसशी जोडते.